डाल्याला लागलेला गंज : ओळख, दुरुस्ती आणि निगा



आपल्या शाळेच्या पालकवर्गात नोकरदार आहेत, दुकानदार आहेत, तसेच स्वतःची लोडिंग गाडी चालवणारेही पुष्कळ आहेत. कोणी पहाटे चोइथराम मंडीतून भाजी उचलतात, कोणी मंडपाचे सामान पोचवतात, कोणी खताची आणि मिठाची पोती गावोगाव नेतात. अशा घरांत मुलांची फी, दिवाळीचा खर्च, बहिणीचे लग्न, सारे काही त्या एका गाडीवर अवलंबून असते. इंजिनातून वेगळा आवाज आला की गाडी त्याच दिवशी मेकॅनिककडे जाते. टायर गुळगुळीत झाले की ते बदलले जातात. पण ज्या पत्र्यावर रोजचा माल पडतो त्या पत्र्याकडे मात्र तो फुटेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. या अंकात त्याच पत्र्याविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे.

आधी शब्दांचा खुलासा करू. पिकअप गाडीचा मागचा उघडा भाग, ज्यात माल भरतात, त्याला आपल्या इंदुरात डाला म्हणतात. महाराष्ट्रातले नातेवाईक त्याला हौदा म्हणतील. मागे उघडणारी फळी म्हणजे फाळका. आता गंज. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे आमच्या तोंडी आधी 'ज़ंग' येते. हिंदीत त्या ज-खालचा नुक्ता काढला की तोच शब्द युद्ध होतो, आणि मराठीत तर जंग म्हणजे लढाईच. शब्दांची ही गंमत मुलांनी लक्षात ठेवावी, कारण गंजाशी लढाई खरोखरच दरवर्षी करावी लागते, आणि ती पावसाच्या आधी करावी लागते.

गंज म्हणजे नेमके काय?

पुष्कळांना वाटते की गंज म्हणजे लोखंडावर बाहेरून बसलेला मळ आहे, पुसला की गेला. तसे नाही. गंज हा लोखंडापासूनच तयार होतो. जेवढा गंज दिसतो तेवढे लोखंड खर्ची पडलेले असते. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की लोखंडाचे ऑक्साइड तयार होते आणि त्यात पाण्याचा अंश राहतो. तीच ती तांबूस पूड.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग आहे. पहिल्या नळीत खिळे, साधे पाणी आणि हवा. दुसरीत खिळे, उकळून हवा काढलेले पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत खिळे आणि ओल शोषून घेणारे कोरडे कॅल्शियम क्लोराइड. काही दिवसांनी फक्त पहिल्या नळीतले खिळे गंजतात. अर्थ सरळ आहे. पाणी आणि हवा यांपैकी एकाला जरी लोखंडापासून दूर ठेवले तरी गंज थांबतो. गंजावरचे जवळजवळ सगळे उपाय या एका प्रयोगातून निघतात.

आता एक पायरी पुढे जाऊ. ओल्या पत्र्यावर एक लहानसे विजेचे चक्र सुरू असते. एका जागी लोखंड विरघळते आणि इलेक्ट्रॉन सोडते. दुसऱ्या जागी ते इलेक्ट्रॉन प्राणवायू आणि पाणी घेतात. पाण्यात मीठ असेल तर हे चक्र जोरात चालते, कारण खारे पाणी वीज चांगली वाहून नेते. म्हणून गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावरच्या गाड्या माळव्यातल्या गाड्यांपेक्षा लवकर गंजतात. पण आपली गाडी मिठाची किंवा खताची पोती वाहत असेल तर समुद्र इंदुरापासून लांब आहे याचा काही उपयोग नाही. खारा माल आपण स्वतःच डाल्यात आणून ठेवलेला असतो. शिवाय मीठ आणि पुष्कळशी खते हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे पाऊस नसतानाही सांध्यात सांडलेली भुकटी ओलसर राहते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जिथे चिखल, पेंढा किंवा ओले पोते पत्र्याला चिकटून राहते तिथे खालच्या बाजूला प्राणवायू कमी पोचतो. अशा वेळी प्राणवायू जिथे भरपूर आहे ती उघडी जागा सुरक्षित राहते आणि चिखलाखालची जागा विरघळत जाते. म्हणून वरून ठीक दिसणारा पत्रा नेमका कचऱ्याखाली खाल्लेला सापडतो.

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड बसते, पण ते घट्ट आणि सलग असते, त्यामुळे ते आतल्या धातूचे रक्षण करते. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, खपल्या धरून गळतो आणि खाली नवे लोखंड उघडे पाडतो. रंगाखाली फोड आल्यासारखे दिसते ते याच फुगण्यामुळे.

येथे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, तो का गंजत नाही? आपल्या जवळचे उदाहरण धारचे आहे. तिथे लाट मशिदीजवळ प्राचीन लोहस्तंभाचे तीन मोठे तुकडे ठेवलेले आहेत. तेही शतकानुशतके पाऊस खात आले तरी शाबूत आहेत. कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभांचा अभ्यास केला. जुन्या भट्टीतल्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त राहत असे आणि त्यामुळे पृष्ठभागावर रक्षण करणारा घट्ट थर तयार झाला, असे त्यांनी दाखवून दिले. आजच्या गाडीचा पत्रा वेगळा आहे. तो वाकवता आणि जोडता यावा म्हणून त्यात फॉस्फरस अगदी कमी ठेवतात. स्तंभ चांगला जाडजूड आहे, आपला पत्रा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. तेव्हा पूर्वजांच्या लोखंडाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्या भरवशावर गाडी पावसात उभी करू नये.

डाला आधी का गंजतो?

गाडीच्या दारांवर कोणी फावडे मारत नाही. डाल्यात मात्र रोज काहीतरी घासले जाते, आपटले जाते. रंग खरवडला की पत्रा उघडा पडतो. त्यातच धुळीने पाणी जाण्याची छिद्रे बुजतात आणि कोपऱ्यात पाणी साचते. सगळ्यात धोक्याच्या जागा अशा :

केबिनच्या मागची आडवी भिंत आणि तळ यांचा सांधा. येथे कचरा साठतो.

चाकांवरचे उंचवटे. आतून माल घासतो आणि खालून चाकाने उडवलेले खडे व चिखल लागतो.

फाळक्याची बिजागरी आणि खालची कड.

दोरी बांधायच्या कड्यांची मुळे. दोरी ओली राहते आणि रंग घासून काढते.

तळाखालचे आडवे चॅनेल, आणि डाला चेसिसला जिथे बोल्टने जोडलेला असतो त्या जागा. या वरून दिसत नाहीत, म्हणूनच सर्वात जास्त घातक.

मागच्या पावसाळ्यात आपल्या एका पालकांच्या गाडीत कांद्याची पोती चढवताना मदतनीस मुलाचा पाय पत्र्यातून आरपार गेला. वर नवा कोरा रंग होता, खाली पत्रा उरलाच नव्हता. नडगीला खोल जखम झाली, टाके पडले आणि ऐन हंगामात गाडी बारा दिवस उभी राहिली. ही गाडी त्यांनी जुनी विकत घेतली होती आणि विकणाऱ्याने गंजावर रंग मारून दिला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा अशी ती गाडी निघाली.

या निमित्ताने एक आरोग्याची गोष्ट. धनुर्वात गंजामुळे होतो असे आपण ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात तो माती, धूळ आणि शेणात राहणाऱ्या जीवाणूंमुळे होतो. गंजका पत्रा खोल आणि मळकी जखम करतो, म्हणून दोघांचे नाव एकत्र जोडले गेले. अशी जखम झाली तर वाहत्या पाण्याने नीट धुवावी आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. इंजेक्शन घ्यायचे की नाही हे मागची लस केव्हा घेतली होती यावर ते ठरवतील.

घरच्या घरी तपासणी

तपासणीला यंत्र लागत नाही. डाला रिकामा करावा, झाडून धुवावा आणि उन्हात वाळू द्यावा. मग जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. त्याच्या मुठीने पत्र्यावर ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. शंकेच्या जागी टोक दाबून पाहावे. टोक आत रुतले किंवा पत्रा चुरला तर तिथे धातू संपला असे समजावे.

जुनी गाडी घेताना खिशात एक लोहचुंबक ठेवावा. पेंटर ज्याला लांबी म्हणतात ती पुट्टी जाड भरलेली असेल तर तिथे चुंबक नीट चिकटत नाही. भोक लांबीने बुजवून वर रंग दिला असेल तर ही लबाडी चुंबक लगेच उघडी करतो.

शेवटी गाडीखाली बॅटरी घेऊन पाहावे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी असली पाहिजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही जाऊ नये.

जे दिसेल त्याचे तीन वर्ग करावेत. पहिला, नुसता तांबूस थर, खाली पत्रा गुळगुळीत. दुसरा, खड्डे पडलेले आणि खपल्या सुटलेल्या, पण टोक रुतत नाही. तिसरा, भोके पडलेली किंवा टोक आरपार जाते. पहिल्या वर्गाचे काम घरी एका दिवसात होते. दुसऱ्याला दोन-तीन दिवस आणि धीर लागतो. तिसऱ्याला वेल्डर लागतो. तळाखालचे चॅनेल किंवा चेसिस तिसऱ्या वर्गात असेल तर घरगुती उपाय करू नये. अशी गाडी भरून रस्त्यावर आणणे म्हणजे आपल्याबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालणे आहे.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीत माल कोणता वापरला यापेक्षा क्रम पाळला की नाही याला महत्त्व आहे. भारी रंग घाईने मारला तर एका पावसात सुटतो. साधा रंग नीट तयारी करून मारला तर पुष्कळ टिकतो.

१. धुणे. आधी साबणाच्या पाण्याने तेल आणि ग्रीस काढावे, मग भरपूर स्वच्छ पाण्याने मीठ आणि खताचा अंश काढावा. हे न करता घासायला घेतले तर तेच मीठ पत्र्याच्या खड्ड्यांत घासून बसवल्यासारखे होते.

२. गंज काढणे. सुटलेल्या खपल्या पत्रीने खरवडाव्यात, मग तारेचा ब्रश आणि शेवटी पॉलिश पेपर. हिंदीत ज्याला रेगमाल म्हणतात तोच हा. ग्राइंडरला तारेचे चाक लावले तर काम लवकर होते, पण ते जाणत्या माणसाने करावे. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क आणि हातमोजे हवेतच. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून शक्य तिथे पाणी लावून घासावे आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. विद्यार्थ्यांनी ग्राइंडरला हात लावायचा नाही, हे आम्ही येथे स्पष्ट सांगतो. गंजाच्या कडेचा चांगला दिसणारा रंगही दोन बोटे पुढेपर्यंत घासावा, कारण गंज रंगाखाली सरकलेला असतो.

३. ठिगळ. भोक पडलेली जागा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावी आणि तितक्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढावी आणि डिझेलची टाकी व नळ्या कुठून जातात ते पाहावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले तर निघणारा धूर अंगावर ताप आणतो, म्हणून जोडाच्या जागेचा मुलामा आधी काढून काम उघड्यावर करावे. लांबी हे ठिगळ नव्हे. ती फक्त पृष्ठभाग सारखा करण्यासाठी असते, आणि जिथे पोती आपटतात त्या तळाला तर ती लावूच नये.

४. उरलेल्या गंजावर उपाय. खड्ड्यांच्या तळाशी थोडा गंज राहतोच. त्यासाठी बाजारात रस्ट कन्व्हर्टर मिळते. काहींत फॉस्फरिक आम्ल असते, ते गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. काहींत टॅनिक आम्ल असते, त्याने गंज काळानिळा पडून घट्ट बसतो. हे रसायन आपल्या माळव्याला नवे नाही. धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या छापील कापडावरचा काळा रंग याच तत्त्वावर तयार होतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, मग त्यावर लोखंडाच्या क्षाराचा ठसा उमटवतात. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड भेटले की पक्का काळा रंग होतो. गाडीवरही तेच घडते. मात्र कन्व्हर्टर सुटलेल्या खपल्यांवर काम करत नाही, आणि गेलेला धातू परत आणत नाही. रबरी हातमोजे घालून डब्यावर लिहिले असेल तितकाच वेळ ते ठेवावे.

५. प्रायमर. घासून उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच सोडू नये. हवेत ओल असेल तर काही तासांतच त्यावर नारिंगी झाक येते आणि केलेली मेहनत वाया जाते. त्याच दिवशी थिनरने पुसून प्रायमरचा पहिला हात द्यावा. दोन डब्यांचे मिश्रण करायचा एपॉक्सी प्रायमर ओल अडवण्यात चांगला. दोन्हींचे प्रमाण डब्यावर दिलेले असते, ते अंदाजाने घेऊ नये.

६. सांधे बुजवणे. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रायमरनंतर सीलंट भरावे. पाणी जाण्याची छिद्रे मात्र बुजवू नयेत. गरज वाटली तर ती साफ करून, कडांना रंग लावून घ्यावी.

७. वरचा रंग. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले, आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. ज्यांना परवडेल त्यांनी तळावर पॉलियुरेथेनचे खरबरीत कोटिंग करून घ्यावे. ते आघात सोसते आणि माल घसरत नाही. पण तेही नीट तयार केलेल्या पत्र्यावरच धरते. खाली गंज ठेवून वर कोटिंग केले तर गंज दिसायचा बंद होतो, थांबत नाही.

रंगकामासाठी आपल्याकडे एप्रिल-मे उत्तम, कारण हवा कोरडी असते. तरी भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग देऊ नये. थिनर लगेच उडून जाते आणि रंग पकडत नाही. सकाळी किंवा सावलीत काम करावे.

रेड ऑक्साइड आणि जस्त

नववीच्या एका विद्यार्थिनीने फार चांगला प्रश्न विचारला. रेड ऑक्साइड प्रायमर म्हणजे लोखंडाचेच ऑक्साइड. मग गंज टाळण्यासाठी आपण लोखंडावर गंजच फासतो का?

उत्तर असे. तुळशीवृंदावनाला आपण जो गेरू लावतो त्याचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो. हे द्रव्य आधीच पूर्ण ऑक्सिडाइझ झालेले असते, त्यामुळे ते आणखी गंजू शकत नाही. प्रायमरमध्ये त्याची बारीक पूड रंगाच्या चिकट माध्यमात घट्ट बांधलेली असते आणि त्यातून पाण्याला वाट मिळणे कठीण होते. पत्र्यावरचा गंज मात्र सैल, ओला आणि क्षार धरून ठेवणारा असतो. द्रव्य जवळजवळ एकच, पण एक भिंत बांधते आणि दुसरे भिंत पोखरते.

जस्ताचे काम याहून वेगळे आहे. भांड्याची कल्हई आणि जस्ताचा मुलामा यांतला फरक पाहा. कल्हई म्हणजे कथील. लोखंडावर कथिलाचा थर असेल आणि त्यावर ओरखडा गेला, तर त्या जागी लोखंड आणखी वेगाने गंजते, कारण त्या दोघांत लोखंडच आधी विरघळते. जस्ताच्या थरावर ओरखडा गेला तर जस्त स्वतः आधी विरघळते आणि लोखंडाला वाचवते. पाण्याच्या बादल्या आणि छपराचे पत्रे जस्ताचे का करतात ते यावरून कळेल. जस्तयुक्त प्रायमरही मिळतो, पण त्यातले जस्त उघड्या स्वच्छ लोखंडाला टेकले तरच हे रक्षण मिळते. गंजावर किंवा कन्व्हर्टरच्या थरावर तो मारला तर त्याचा विशेष गुण वाया जातो.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज रबराच्या चटईचा. चटई टाकली की पत्रा सुरक्षित, असे समजून पुष्कळजण ती टाकतात आणि वर्षानुवर्षे उचलत नाहीत. ओरखड्यांपासून ती वाचवते हे खरे. पण तिच्याखाली शिरलेले पाणी वाळत नाही, आणि आधी सांगितल्याप्रमाणे कमी हवेची ओली जागाच सर्वात जास्त खाल्ली जाते. चटई किंवा प्लॅस्टिकचे अस्तर वापरायचे असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून खालचा पत्रा वाळवावा. लाकडी पट्ट्या फटी ठेवून टाकल्या तर हवा खेळती राहते.

दुसरा गैरसमज जळक्या इंजिन ऑइलचा. ते खालून फासले की गंज लागत नाही असे सांगणारे आहेत. तेल पाणी थोडे दिवस अडवते, पण धूळ धरते, तळ निसरडा करते, रबरी भाग फुगवते आणि पहिल्या पावसात वाहून नाल्यात जाते. शिवाय त्या डाल्यात भाजीपाला ठेवायचा असतो, हे विसरू नये.

वर्षभराची निगा

पावसाआधी (मे) : पूर्ण धुणे, तपासणी, ओरखड्यांवर प्रायमर आणि रंग, छिद्रे साफ.

पावसाळ्यात (जून ते सप्टेंबर) : रात्री गाडी थोड्या उतारावर, फाळका उतरणीच्या बाजूला ठेवून उभी करावी, म्हणजे पाणी निघून जाते. ओली पोती व दोऱ्या डाल्यात ठेवू नयेत.

मीठ, खत, जनावरे किंवा ओली भाजी नेली असेल तर : त्याच संध्याकाळी स्वच्छ पाण्याने धुणे. मीठ-खताच्या पोत्यांखाली ताडपत्री.

अनंत चतुर्दशीनंतर : विसर्जनाची ओली माती, फुले आणि गुलाल कोपऱ्यात अडकून राहतो. दुसऱ्याच दिवशी डाला धुवावा.

दिवाळीआधी : तळाखालून पुन्हा एकदा पाहणी. पावसात उघडलेल्या जागा लगेच झाकाव्यात.

केबिनमध्ये प्रायमरचा एक लहान डबा, ब्रश आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असावा. ओरखडा दिसला की पाच मिनिटांचे काम आहे. ते राहून गेले की पुढे वेल्डरचे बिल येते.

आपल्या शाळेची गाडी

आता हा विषय निवडण्याचे कारण. शाळेची लोडिंग गाडी माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून घेतलेली आहे. दोन्ही इमारतींमधली बाकडी, ग्रंथालयाच्या पेट्या, गणेशोत्सवाचे सामान, सारे तीच वाहते. यंदा वर दिलेल्या पद्धतीने तिची तपासणी करवून घेतली. तळाच्या पत्र्यात दोन जागा तिसऱ्या वर्गातल्या निघाल्या, चाकांवरचे उंचवटे दुसऱ्या वर्गातले आणि बाकी पहिल्या. खालचे चॅनेल आणि चेसिस एका जाणत्या वेल्डरने ठोकून पाहिले, ते शाबूत आहेत.

गाडी भंगारात काढावी, डाला नवा करावा की आहे तो दुरुस्त करावा, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आहे. आमचे मत दुरुस्तीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण वरच्या तपासणीत आहे. हाडे शाबूत आहेत, कातडी दोन ठिकाणी फाटली आहे. पण हे मत मे महिन्यापुरतेच खरे आहे. आणखी एक पावसाळा असाच गेला तर ओल चॅनेलपर्यंत पोचेल आणि मग दुरुस्तीचा पर्याय राहणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ येऊ नये, म्हणून मंडळाने निर्णय पावसाआधी घ्यावा अशी आमची विनंती आहे. तोपर्यंत त्या दोन जागांवर जाड फळ्या टाकल्या आहेत आणि डाल्यात चढण्याची परवानगी कोणाही विद्यार्थ्याला नाही.

पालकांना विनंती अशी की ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी येत्या रविवारी अर्धा तास काढून स्क्रू-ड्रायव्हर आणि चुंबक घेऊन आपला डाला तपासावा, आणि मुलांना सोबत घ्यावे. मुलांनी नोंद करावी, ठोकून आवाज ऐकावा आणि तीन वर्ग लिहून काढावेत. दहावीच्या विद्यार्थ्यांनी परीक्षानळ्यांच्या प्रयोगात आणखी दोन नळ्या वाढवाव्यात. एकीत मिठाचे पाणी आणि खिळा, दुसरीत मिठाचेच पाणी आणि जस्ताची पट्टी गुंडाळलेला खिळा. पंधरा दिवसांनी काय दिसले ते वहीत लिहून विज्ञान शिक्षकांना दाखवावे. पुस्तकातला धडा आणि वडिलांची गाडी यांचा संबंध एकदा डोळ्यांनी पाहिला की तो परीक्षेनंतरही लक्षात राहतो.

— प्राचार्य